धनेश दरवेळी काळाच का येतो? अवघड उजेडात फसलेल्या पक्ष्यांच्या फोटोंचं निदान

जांबोटीच्या अलीकडं रस्त्यालगत एक उंबर आहे. फळं पिकली की त्यावर राखी धनेशांची जोडी येते. आधी आवाज येतो, कुणीतरी घसा फाडून हसल्यासारखा, आणि मग पक्षी. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर मी तिथं सलग तीन रविवार गेलो. बेळगावातून पहाटे साडेपाचला निघायचं आणि सातच्या आत झाडाखाली उभं राहायचं. तिन्ही रविवारी धनेश आले, समोर बसून उंबरं गिळली, आणि तिन्ही रविवारी माझ्या फोटोत काळ्या कागदाची कात्रणं आली. चोच कळते, शेपूट कळते, बाकी सगळं डांबर. घरी दाखवले तर उत्तर मिळालं, "कावळा बरा आलाय."

कॅमेरा बिघडलाय अशी माझी पक्की समजूत झाली. दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं सेन्सर पुसला, हजारभर रुपये घेतले आणि "आता बघा कसा चालतो" म्हणत हातात दिला. चौथ्या रविवारी परत डांबर.

शेवटी घरी संगणकावर चारही दिवसांचे फोटो वेळेप्रमाणे ओळीनं लावले, तेव्हा घोळ कळला. चौथ्या रविवारी ७ वाजून १२ मिनिटांचा फोटो काळा होता. ७ वाजून १६ मिनिटांचा मात्र झकास. चोचीचा नारिंगी पिवळा, भुवईवरची फिकट पट्टी, डोक्यावरच्या बारीक पांढऱ्या रेषा, सगळं जागच्या जागी. झाड तेच, पक्षी तोच, कॅमेऱ्यातलं एक बटणही मी हलवलेलं नव्हतं. फरक इतकाच की मधल्या चार मिनिटांत धनेश शेंड्यावरून खालच्या फांदीवर उतरला होता. शेंड्यावर होता तेव्हा त्याच्यामागं पांढरं ढगाळ आभाळ होतं. खाली आला तेव्हा मागं डोंगराचा हिरवा उतार आला.

तेव्हापासून फोटो फसला की मी पक्ष्याकडं नंतर बघतो, त्याच्यामागं काय आहे ते आधी. खाली जे काही लिहिलंय ते बहुतेक याच एका सवयीतून निघालंय.

मीटरला राखाडीशिवाय रंग ठाऊक नाही

कॅमेऱ्याचा मीटर समोरून येणारा उजेड मोजतो आणि असं धरून चालतो की समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी असणार. हा राखाडी म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारा, असा जुना संकेत आहे. खात्री करायची असेल तर घरच्या घरी करा. चुना लावलेल्या भिंतीचा चौकट भरून फोटो घ्या, मग गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीचा. कॅमेरा ऑटोवर असू दे. भिंत मळकी येईल, म्हैस धुरकट येईल, आणि दोघींचा रंग एकमेकींच्या जवळपास येईल. मीटरनं दोघींना ओढून मधे आणलं.

आता धनेशाकडं या. चौकटीचा पाऊण भाग पांढरं आभाळ आहे. मीटरला वाटतं, फारच उजेड झाला. तो सगळं दृश्य दोन-दोन स्टॉप खाली ओढतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आभाळ राखाडी होतं, आणि पक्षी आधीच सावलीच्या बाजूनं दिसत असल्यामुळं थेट काळोखात जातो. गंमत बघा, राखी धनेश हा तर मीटरच्या अगदी आवडत्या रंगाचा पक्षी. त्याला एकट्याला मोजलं असतं तर फोटो आपोआप बरोबर आला असता.

उपाय साधा आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरनं ठरवलेला उजेड स्टॉपच्या हिशेबात वाढवायचं-कमी करायचं चक्र, अधिक करा. ढगाळ पांढऱ्या आभाळावर मी अधिक १.३ पासून सुरुवात करतो आणि बऱ्याचदा अधिक २ पर्यंत जातो. आभाळ पूर्ण पांढरं होतं, होऊ द्या. आभाळ वाचवायच्या नादात पक्षी घालवलेले फोटो माझ्याकडं ढिगानं आहेत. डिसेंबरातल्या स्वच्छ निळ्या आभाळावर एवढं लागत नाही. सूर्य पाठीशी असेल तर गडद निळं जवळपास मधल्या राखाडीतच मोडतं, अधिक ०.३ किंवा ०.७ पुरतं. म्हणून हाच पक्षी, हीच फांदी, जूनमध्ये रडवते आणि डिसेंबरात नाही.

स्पॉट मीटरिंग (सगळ्या चौकटीऐवजी एका ठिपक्यापुरता उजेड मोजणं) वापरून बघा असं हमखास सांगितलं जातं. वापरा, पण एक गोष्ट तपासून. बऱ्याच कॅमेऱ्यांत स्पॉट म्हणजे चौकटीचा मधलाच ठिपका. तुमचा फोकस पॉइंट डावीकडं असला तरी मोजणी मधेच होते. काही कॅमेऱ्यांत ती फोकस पॉइंटबरोबर सरकते. आपला कोणत्या जातीचा आहे हे माहीत नसेल तर स्पॉटनं गोंधळ वाढतो. फांद्यांत हलणाऱ्या पक्ष्यावर तर मी तो वापरतच नाही. पक्षी इंचभर सरकला की मीटर पानावर, पुढच्या क्षणी आभाळावर.

आणि बटणापेक्षा मोठा उपाय पायांचा आहे. त्या उंबरासमोर चहाची टपरी आहे. तिथल्या मामांनी माझी चार रविवारची मान वर करून चाललेली कसरत बघितली होती. म्हणाले, "सायेब, खालनं वर बघून काय दिसणार ओ? आमच्या परड्यात या की, वर हाय." परडं रस्त्यापासून दहा-बारा फूट उंचावर. तिथून धनेश जवळजवळ नजरेच्या रेषेत आला आणि त्याच्यामागं सगळं रान. कॉम्पेन्सेशन शून्यावरच राहिलं. चोर्ल्याच्या रस्त्यालाही हाच फायदा आहे. घाटात आपण वर आणि झाडांचे शेंडे खाली. बेळगावच्या माळावर ज्या पक्ष्यामागं आभाळाशिवाय काही मिळत नाही, त्याच्यामागं तिथं आख्खी दरी मिळते.

दुरुस्त केलेलं परत का बिघडतं

वरचं सगळं कळल्यावरही माझे फोटो बिघडत राहिले, फक्त उलट्या बाजूनं. सकाळी जांबोटीला धनेशासाठी अधिक २ केलं. परतताना शहराजवळ भाताच्या शेतात, बासमतीच्या लावणीत गायबगळे दिसले म्हणून गाडी थांबवली. पन्नास फोटो काढले. घरी बघतो तर पन्नासही बगळे म्हणजे पांढरे डाग, एकाचंही पीस दिसेना. कॉम्पेन्सेशन अधिक २ वरच राहिलं होतं. कॅमेरा बंद करून चालू केला तरी बऱ्याच मॉडेलांत ते तसंच राहतं.

बगळ्याचं गणित मुळातच उलटं आहे. पांढरा पक्षी, मागं गडद चिखल किंवा हिरवा भात. मीटर गडद रंग बघून सगळं उजळवतो आणि बगळा जळतो. तिथं उणे ०.७ ते उणे १.३ लागतं. पांढऱ्या पिसांत एकदा जळलं की रॉ फाइलमधूनही (सेन्सरची कच्ची नोंद) परत येत नाही, कारण तिथं नोंदच झालेली नसते. काळोख थोडाफार परत उचलता येतो, जळलेलं नाही.

म्हणून हल्ली एक नियम पाळतो. गाडीत बसायच्या आधी कॉम्पेन्सेशन शून्यावर, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर, शटर १/१००० सेकंद. लेन्सची टोपी लावताना अंगठा आपोआप त्या चक्रावर जातो. ऐकायला किरकोळ वाटेल, पण "मधेच फोटो खराब येतात" ही तक्रार घेऊन आलेल्या मित्रांचे कॅमेरे हातात घेतल्यावर निम्म्या वेळा मला हेच सापडलंय.

दुसरा चकवा मॅन्युअल मोडचा, जिथं शटर आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) आपणच ठरवतो. मॅन्युअलवर आयएसओसुद्धा ठरावीक ठेवला असेल तर कॉम्पेन्सेशनचं चक्र कितीही फिरवा, फोटोत फरक पडत नाही, फक्त मीटरची पट्टी सरकते. मॅन्युअल अधिक ऑटो आयएसओ असेल तर फरक पडतो, पण काही जुन्या स्वस्त मॉडेलांत ती सोयच नाही. आपल्या कॅमेऱ्यात काय होतं ते घरी, खिडकीतून बाहेर बघत, पाच मिनिटांत तपासा.

बगळ्यांसाठी तर मी आता मीटर विचारतच नाही. लख्ख उन्हाचा जुना हिशेब असा की अ‍ॅपर्चर एफ १६ असेल तर शटर एक भागिले आयएसओचा आकडा. म्हणजे आयएसओ ४०० ला एफ ८ वर १/१६००. पांढऱ्या पक्ष्यासाठी आणखी एक स्टॉप कमी करून १/३२००. ऊन तेच आहे तोवर मागं चिखल असो, पाणी असो की आभाळ, आकडे बदलायचे नाहीत. बगळा उडत उडत तिन्हीवरून गेला तरी सारखाच येतो. ढग आला की मात्र हिशेब मोडला, परत मीटरकडं यायचं.

मिररलेस, म्हणजे आरशाऐवजी छोट्या पडद्यातून बघायचे कॅमेरे, वापरणाऱ्यांना हा त्रास कमी, कारण उजेड-काळोख व्ह्यूफाइंडरमध्ये आधीच दिसतो. पण मागचा पडदाही फसवतो. दाट रानात तो उजळ भासतो आणि आपण समाधानानं घरी येतो, भर उन्हात काळा भासतो आणि आपण उगीच वाढवत जातो. हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-काळोखाचा आलेख, बघा. जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना चालू ठेवा, आणि लुकलुकतंय ते आभाळ आहे की पक्षी, तेवढं बघा.

हेम्मडग्याकडचं रान: उजेडच नाही तर काय

भीमगड अभयारण्याच्या बाजूला, हेम्मडगा-नेरसे भागात, पावसाळी सकाळी आठ वाजताही झाडांखाली संध्याकाळ असते. माझी लेन्स १५० ते ६०० मिलिमीटरची, टोकाला एफ ६.३. तिथं मीटर सांगतो १/६०, तेही आयएसओ ३२०० वर. इथल्या तक्रारी दोन: फोटो हलतो, नाहीतर फोटोत रवा पडतो. (नॉइजला, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणाला, आमच्यात रवाच म्हणतात. उप्पीट झालं की फोटो टाकून द्यायचा.)

आधी हललेल्याचं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात धरतं, पक्ष्याची मान धरत नाही. १/६० ला फांदी धारदार आणि डोकं पुसट आलं तर दोष पक्ष्याच्या हालचालीचा. फांदीही पुसट असेल तर तुमच्या हाताचा. हे आधी ओळखा, कारण पहिल्याला ट्रायपॉडनं काही होत नाही. पक्षी मान वळवतो आणि क्षणभर थांबतो, त्या थांब्यावर सलग दहा-दहा फोटोंचा बर्स्ट मारा. १/६० वर दहातले एक-दोन धारदार निघाले तर मी खूश असतो. १/२५० मिळालं तर बसलेल्या पक्ष्याला बहुतेक पुरतं. उडणाऱ्याला मात्र १/२००० च्या आसपास लागतं, आणि ते या रानात मिळणार नाही. तो नाद सोडून द्या.

रव्याचं कारण आयएसओ आहे असं सगळे धरतात. माझा अनुभव वेगळा. आयएसओच्या भीतीनं ८०० वर ठेवायचं, काळा फोटो काढायचा आणि घरी दोन स्टॉप उचलायचा, यानं जास्त रवा पडतो. रवा उजेडाच्या कमतरतेचा असतो, आणि काळोख्या भागात तो सगळ्यात आधी दिसतो. ३२०० किंवा ६४०० वर पुरता उजळ काढलेला फोटो बहुतेक वेळा जास्त स्वच्छ निघतो. कुणाला पटत नसेल तर एकाच खोडाचा दोन्ही तऱ्हेनं फोटो काढून शेजारी शेजारी ठेवावा.

या रानात दोन पक्षी परीक्षा घेतात. एक शीळकरी कस्तूर. पहाटे ओढ्याकडून माणसानं शीळ घालावी तशी शीळ येते, वाट चुकलेल्या पोरासारखी, सूर धरून न धरल्यासारखी. पक्षी काळपट निळा, बसणार ओल्या काळ्या दगडावर. मीटर इथं उलट उजळवायला बघतो, आणि पाण्याचा फेस जळतो. मी कॉम्पेन्सेशन उणे ०.७ करतो, आणि खांद्यावरचा निळा चमकण्यासाठी आभाळाची फट त्या अंगावर पडेल अशी जागा धरतो. तो निळा कोन बदलला की विझतो. एका पावलानं फरक पडतो.

दुसरा स्वर्गीय नर्तक, पांढरा नर. काळं डोकं, शेपटीच्या लांब पांढऱ्या फिती, मागं काळोख. शटर आधीच हळू, त्यात फिती सतत हलणार. उणे १ शिवाय त्याच्या पाठीवरचं एकही पीस मिळत नाही. डोक्यातला काळा डोळा नंतर रॉ फाइलमधून थोडा उचलून घेतो.

फोटो हिरवा येतो हीसुद्धा नेहमीची तक्रार. पानांतून गाळून आलेला उजेडच हिरवा असतो, ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेडाचा रंग आपोआप काढून टाकणारी सोय) तो पूर्ण पुसता येत नाही. नुसता रंग उबदार करून भागत नाही, हिरव्याच्या विरुद्ध, किरमिजीकडं थोडं सरकवावं लागतं. रॉमध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे, जेपेगमध्ये पक्ष्याचा मूळ रंगही ओढला जातो.

धुकं, वाफ आणि कणकुंबीचा पाऊस

मलप्रभा उगवते त्या कणकुंबीला पाऊस कसा पडतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. धुक्यात ऑटोफोकस मागं-पुढं घरघरत राहतो, कारण त्याला धरायला कडच सापडत नाही. लेन्सवर फोकसच्या अंतराची मर्यादा ठरवणारं बटण असेल तर दूरवर लावा, निम्मी घरघर थांबते. मधला फोकस पॉइंट सहसा सगळ्यात भरवशाचा. पक्ष्याच्या पोटावर नको, जिथं दोन रंग भेटतात तिथं धरा, मानेचा काठ किंवा चोचीचं मूळ. टेलीकन्व्हर्टर (लेन्सला जोडून पक्षी मोठा करणारी जोडलेन्स) असेल तर अशा दिवशी तो पिशवीतच राहू द्या. १.४चा एक स्टॉप खातो, २चा दोन, आणि धुक्यात तो उजेड परत कुठून आणणार.

सगळा फोटो दुधाळ येत असेल तर धुक्याला दोष द्यायच्या आधी लेन्सची काच बघा. गाडीत एसी लावून आलात आणि दार उघडून थेट लेन्स बाहेर काढली, तर थंड काचेवर वाफ बसते. पुसली तरी परत बसते. जायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं एसी बंद, काचा खाली. आणि घरी आल्यावर ओली पिशवी कपाटात बंद करून ठेवू नका. माझ्या एका जुन्या लेन्समध्ये बुरशीचं जाळं तसंच धरलं. ते आजही आहे, कोळ्यासारखं पसरलेलं.

हिडकल आणि धुपदाळ: फोकस बरोबर, तरी फोटो मऊ

पूर्वेकडं गेलं की तक्रारी बदलतात. घटप्रभेवर हिडकलचं धरण आणि खाली धुपदाळचा बंधारा, तिथंच घटप्रभा पक्षी अभयारण्य. हिवाळ्यात कांड्या करकोचे येतात म्हणून लोक लांबून येतात. ऊन भरपूर, शटर १/३२००, आयएसओ ४००, तरी करकोच्यांच्या मानेच्या कडा वितळल्यासारख्या. मी दोन हिवाळे लेन्सचा फोकस सरकलाय असं समजून तो जुळवत बसलो होतो.

लेन्स ठीक होती. तापलेल्या काळ्या रानातून गरम हवा वर चढते, प्रत्येक थरात उजेड वेगळा वाकतो, आणि सहाशे मिलिमीटरची लेन्स ती थरथर मोठी करून दाखवते. ओळखायची खूण अशी की बर्स्टमधल्या दहा फोटोंत मऊपणा दर फोटोत वेगळ्या जागी असतो. एकात डोकं बरं, दुसऱ्यात पाय. फोकस चुकला असता तर दहाही सारखेच मऊ आले असते, आणि पक्ष्याच्या पुढचं किंवा मागचं गवत तरी धारदार दिसलं असतं.

यावर कॅमेऱ्यात उपाय नाही. महाग लेन्स घेऊनही नाही, उलट थरथर आणखी स्वच्छ दिसते. सूर्य उगवल्यापासून पहिला दीड-दोन तास काम करायचं, नऊनंतर दूरच्या पक्ष्यांचा नाद सोडून जवळचे बघायचे. बंधाऱ्यावरचा कवड्या धीवर वीस-पंचवीस फुटांवर बसतो, त्याला ही बाधा होत नाही. नांगरलेल्या रानावरून, डांबरावरून बघण्यापेक्षा पाण्यावरून बघितलेलं बरं. आणि गाडीच्या खिडकीतून फोटो काढत असाल तर एसी बंद करा. आतली गार हवा बाहेरच्या गरम हवेला खिडकीतच भेटते, म्हणजे थरथर तुमच्या लेन्सच्या तोंडाशीच. हे कळायला मला एक आख्खी सकाळ घालवावी लागली.

पाण्याच्या चकाकीनं मीटर फसतो तो आभाळासारखाच, उपायही तोच, अधिक १ च्या आसपास. सूर्य समोर असेल तर मी कधी कधी पक्षी काळाच ठेवतो, पण मग आकार स्वच्छ हवा. चोच आणि मान वेगवेगळी दिसली पाहिजे, दोन करकोचे एकमेकांत मिसळता कामा नयेत. नाहीतर ते परत कात्रणच.

उजेड कमी पडला म्हणून फ्लॅश मारायचा का, हेही विचारलं जातं. घरट्यावर आणि रात्रीच्या पक्ष्यांवर मी मारत नाही, आणि मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी उजेडात बोलावणाऱ्यांबरोबर जात नाही. अभयारण्यात शिरताना वनखात्याची परवानगी लागते, ती आधी काढा.

एवढं सगळं करून एक पक्षी माझ्या हाती लागलेला नाही, आणि तो रोज घरासमोरच्या तारेवर बसतो. कोतवाल. चकचकीत काळा, मागं पांढरं आभाळ, डोळा गडद लाल. अधिक २ ला अंग काळंच राहतं, अधिक २.७ ला पिसं दिसतात पण तार आणि शेपटीच्या कडा आभाळ खाऊन टाकतं. शेजारच्यांच्या गच्चीवरून बघितलं तर मागं नारळ येतो. गच्चीची किल्ली मागून ठेवलीय, येत्या रविवारी सकाळी जाणार आहे.